न नेलेल्या माणसांची भिंत

वेबसाइटला फोटो लागतात हे काटकोनकाकांना आधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची समजूत अशी, की वेबसाइट म्हणजे दुकानाची पाटीच. फक्त ती दारावर न ठोकता हवेत ठोकायची. पाटीवर काय हवं? नाव, पत्ता आणि दुपारी दुकान बंद असतं ही सूचना. एवढं त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सुवाच्य अक्षरात लिहून आणलं होतं.

वेबसाइटवाल्या बाईंनी तो पुठ्ठा वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "आणि फोटो?"

आता हा प्रश्न विचारला कुणाला, तर फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्या माणसाला. काकांच्या दुकानात जिथे हात घालाल तिथे फोटो. टेबलावर फोटो, टेबलाखाली फोटो, फळीवर फोटो. एकदा तर डब्याच्या पिशवीतून कुणाच्या तरी आत्याबाई काकांबरोबर घरी पोचल्या होत्या. काका मनापासून हसले.

"बाई, हे म्हणजे विहिरीला विचारण्यासारखं झालं, पाणी आहे का म्हणून."

"तसले नव्हेत हो काका. तुमच्या दुकानाचे. तुम्ही काम करतानाचे."

काकांचं हसू जागच्या जागी थांबलं. तसला एकही फोटो नव्हता. जन्मभर दुसऱ्यांची माणसं चौकटीत बसवली, पण आपल्या दुकानाचा फोटो काढावा हे कधी सुचलं नाही. सुचणार तरी कसं? दुकान समोर होतंच की.

"होऊन जाईल, काका," बाई म्हणाल्या. हे त्यांचं पालुपद होतं. त्या काकांच्याच इमारतीत राहत, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लोकांच्या वेबसाइटी बनवत आणि कुकरची शिट्टी झाली की वाक्य अर्धं टाकून उठत. उरलेलं अर्धं वाक्य समोरच्यानं पूर्ण करायचं.

वेबसाइटची हौस काकांना नव्हतीच. हट्ट लेकीचा. ती लांबच्या शहरात राहते आणि फोनवर मुद्द्याचं तेवढं बोलते. "बाबा, माणसं आता चालताना दुकानं बघत नाहीत, फोन बघतात. वर्षअखेरपर्यंत फोन बघून गिऱ्हाईक आलं तर ठीक. नाही आलं तर शटर ओढायचं आणि तुम्ही दोघांनी इकडे यायचं. मी खोली रंगवून घेतलीय."

त्या रंगवलेल्या खोलीची काकांनी धास्ती घेतली. लेकीवर जीव होता, जावईही सरळ होता. पण रंगवलेल्या खोलीत बसून माणूस करणार काय? तिथे काही वाकडं असलं तर ते दुसऱ्याचं, आणि ते सरळ करायला हात लावावा तर आगाऊपणा.

काकांच्या खिशात कायम काटकोन तपासायचा, सुतारांचा छोटा गुण्या असे. त्यांनी कोपरे तपासल्याशिवाय एकही फ्रेम दुकानाबाहेर जात नसे. टेबल, दार, पुस्तकाची कड, सगळ्याला ते गुण्या लावून बघत. आजारी मेहुण्याला बघायला दवाखान्यात गेले, तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं आणि मग मेहुण्याकडे वळले. म्हणून ते काटकोनकाका. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना माहीत होतं. मनातून आवडतही होतं.

घरची भिंत मात्र कोरी होती. बाहेरच्या खोलीत एक खिळा होता, काकांनीच मारलेला, लग्नानंतर लगेच, एका ठरावीक फोटोसाठी. तो फोटो तिथवर पोचलाच नाही. गिऱ्हाइकांचं आधी, घरचं नंतर, असं करता करता काकूंनी त्या खिळ्याला कापडी पिशवी अडकवायला सुरुवात केली आणि पुढे खिळा पिशवीचाच झाला.

पहिला बेत असा ठरला, की तयार फोटो घ्यायचे. असे फोटो मिळतात म्हणे. बाईंनी संगणकावर एक दाढीवाला कारागीर काढला. त्याला चामड्याचा एप्रन, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात फ्रेम, आणि तो कुणीच नसलेल्या दिशेला बघून हसतोय.

"हा कोण?" काकांनी विचारलं.

"कुणी नाही. फ्रेमवाला म्हणून आहे."

"हा फ्रेमवाला? अहो, काचेवर अंगठा ठेवलाय त्यानं. डाग पडला तो पुसणार कोण? आणि कोपरा बघा, फट दिसतेय. याला मी माझ्या दाराशी उभं करणार नाही."

दुसरा काढला, त्याला पटाशी उलटी धरलेली. तिसरी एक बाई होती, ती नुसतीच रिकाम्या फ्रेमेतून डोकावत होती. काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिला काय झालंय?"

तयार फोटोंवर फुली पडली. मग काकांचाच फोटो काढायचा ठरलं, आणि ही बातमी शेजारच्या चष्मेवाल्याला लागली. चष्मेवाला हा सल्ला मागायच्या आधी देणाऱ्यांपैकी. दुपारच्या वेळी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसे, मतं असत.

"कोट घाला," तो म्हणाला. "आणि चष्मा बदला. या चष्म्यात तुम्ही उसने पैसे मागायला आल्यासारखे दिसता."

"मी कामाचा फोटो काढतोय, साखरपुड्याचा नव्हे."

"तुमचा नकाच काढू मग. माणसाचा चेहरा काय, आज आहे. कामाचा काढा. ही भिंत काढा, भिंत."

चष्मेवाल्याच्या तोंडून कधी नव्हे ते कामाचं निघालं, असं त्या वेळी सगळ्यांना वाटलं. पुढे जे झालं ते बघता तो कोटाच्या मुद्द्यावरच थांबला असता तर बरं झालं असतं.

ती भिंत म्हणजे दुकानात शिरल्यावर समोर येणारी, वरपासून खालपर्यंत फ्रेमांनी भरलेली भिंत. नवख्या माणसाला वाटे, नमुने लावलेत. ते नमुने नव्हते. ती न नेलेली माणसं होती. लोक फोटो टाकायला येतात तेव्हा मोठ्या घाईत असतात. उद्याच हवा, आजच हवा. मग ठरलेला दिवस येतो आणि जातो. कुणाचं घर बदलतं, कुणाचं कुणाशी बिनसतं, कुणाची सून म्हणते भिंत खराब होईल. फ्रेम तयार असते आणि न्यायला कुणी येत नाही. बाकीचे फ्रेमवाले काही दिवस वाट बघून फोटो काढतात आणि फ्रेम दुसऱ्याला देतात. त्यात काही चूक नाही, धंदा आहे. पण काकांच्या हातून ते होत नसे. "फ्रेम माझी, काच माझी, पण माणूस त्यांचा. तो कसा काढून टाकू?" असं म्हणून ते भिंतीला नवा खिळा मारत. रोज सकाळी सगळ्यांच्या काचा पुसत. नावं माहीत नसत, म्हणून त्यांनीच ठेवली होती. नाकवाले आजोबा. गुटगुटीत बाळ. भांडून बसलेल्या बहिणी. खुशीतलं जोडपं. भिंतीला अशी माणसं असल्यावर दुकानात एकटं वाटत नाही.

बाई फोन घेऊन आल्या आणि भिंतीचे फोटो काढू लागल्या. काढून झाल्यावर बघतात तर प्रत्येक काचेत बाई. आजोबांच्या छातीवर बाई, बाळाच्या पोटावर बाई, बहिणींच्या मधोमध चौथी बहीण म्हणून बाई.

"दुकान यांचंच वाटतंय," चष्मेवाला म्हणाला.

मग बाईंनी बाजूला उभं राहून, तिरक्यात फोटो काढले. बाई दिसेनाशा झाल्या. पण फ्रेमा एका बाजूला फुगल्या आणि दुसऱ्या बाजूला आखडल्या. काकांनी फोनच्या काचेवर गुण्या धरला. एकही कोपरा बसेना. त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हे जगाला दाखवलं तर मी तोंड कुठे दाखवू? सगळ्या फ्रेमा पतंगासारख्या दिसतायत."

"मग काचा काढाव्या लागतील, काका."

काढल्या. भिंतीवरची एकूण एक फ्रेम उतरवली, मागचे खिळे उपसले, काच बाजूला केली, फोटो पुन्हा बसवला. काही दिवस दुकान नावाला उघडं होतं एवढंच. काकू डबा घेऊन आल्या, दारात थबकल्या, काचांच्या राशीत बसलेल्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "लोकांच्या माणसांसाठी बरी सवड मिळते." डबा ठेवून गेल्या. काकांनी ऐकलं, पण हातात काच होती.

फोटो मात्र झकास आले. समोरून, सरळ, काटकोनात. काच गेल्यामुळे चेहरे इतके स्पष्ट, की आजोबांच्या नाकावरचा तीळ काकांनाही पहिल्यांदाच दिसला.

"खाली काय लिहू?" बाईंनी घरी संगणकाशी बसून विचारलं.

"कुठे खाली?"

"फोटोंच्या. कोण, काय—" इतक्यात शिट्टी झाली आणि बाई उठल्या.

अर्धं वाक्य काकांनी आपल्या समजुतीनं पूर्ण केलं. त्यांना वाटलं, कुठला फोटो कुठला हे बाईंना कळायला हवं. त्यांनी एकेकाचं नाव सांगितलं. बाई आतून "हं, हं" करत राहिल्या आणि नंतर बसून सगळं जसंच्या तसं छापलं. ज्या साच्यात ही वेबसाइट बसवली होती, त्या साच्यात फोटोंच्या वर आधीच एक मथळा होता. तो कुणी बदलला नाही, कारण दिसायला बरा होता: 'आमचे समाधानी ग्राहक'.

पहिला फोन आला तेव्हा काकांना वाटलं, आलं गिऱ्हाईक. त्यांनी घसा साफ केला.

"तुमच्या वेबसाइटवर ते 'नाकवाले आजोबा' आहेत ना," पलीकडून एक बाई म्हणाली, "ते माझे सासरे आहेत."

काकांनी फोन कानापासून जरा लांब धरला.

थोड्या वेळात ती सून दुकानात हजर. "अहो, ते शाळेचे मुख्याध्यापक होते! अख्खी गल्ली त्यांना वचकून असे. आणि तुम्हाला काय दिसलं? नाक?"

"नाक वाईट अर्थानं नव्हतं—"

"नाकाचा चांगला अर्थ कुठला असतो?"

काकांनी मान खाली घातली. आजोबांची फ्रेम भिंतीवरून काढून तिच्या हातात दिली. ती अजून बोलायचीच होती. पण फोटो हातात आल्यावर तिचं तोंड मिटलं.

"हा एकच फोटो होता त्यांचा," ती हळू आवाजात म्हणाली. "घर बदललं तेव्हा हरवला. मीच हरवला असं आमचे हे आजतागायत म्हणतात. कुणी पाहुणे आले की हे सुरू. म्हणजे हा यांनीच फ्रेमला टाकला, आणि विसरले?"

"तसंच दिसतंय."

तिनं डोळे पुसले आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं, की काकांना त्या नवऱ्याची दया आली. "काच नका बसवू. असाच द्या. मला आत्ताच घरी जायचंय."

त्यानंतर बांध फुटला. जो तो आपला माणूस ओळखू लागला. भांडून बसलेल्या बहिणींपैकी मधली आली आणि म्हणाली, आम्ही भांडलो नव्हतो, ऊन डोळ्यांवर येत होतं. मग जाता जाता म्हणाली, भांडण नंतर झालं. दोन भाऊ आले, वेगवेगळ्या दारांनी यावं तसे. दुकानाला दार एकच होतं म्हणून आपटले. त्यांच्या आईचा फोटो भिंतीवर होता. दोघं एकमेकांशी बोलत नसत.

"याला सांगा," थोरला काकांना म्हणाला, "की फोटो हा आणणार होता."

"त्याला सांगा," धाकटा काकांना म्हणाला, "की 'मी आणतो' असं त्यानंच सांगितलं होतं. आणि मग आईचा फोटो मी विकला असं सगळ्या नात्यात करून ठेवलं."

"विकला नाही, दडवला म्हणालो मी!"

"हा बघा, बोलला!"

काकांनी मध्येच सुचवलं, की एकाला हा आणि एकाला याची प्रत करून देतो. दोघांनी एकाच वेळी "प्रत याला द्या" म्हटलं. शेवटी फ्रेमेची एक बाजू एकानं धरली, दुसरी दुसऱ्यानं, सोडायला कुणी तयार नाही, आणि दोघं तसेच तिरके होऊन दारातून बाहेर पडले. रस्त्यानं आईला मधोमध धरून चाललेले ते दोन म्हातारे दिसेनासे होईपर्यंत काका बघत उभे राहिले.

हे सगळं ठीक होतं. पण खुशीतल्या जोडप्यानं घात केला. त्यातला पुरुष काळा चष्मा लावून आला. चष्मेवाल्यानं तो लांबूनच ओळखला. "माझ्याकडचा आहे," तो म्हणाला, म्हणजे चष्मा.

"हा फोटो ताबडतोब काढा," तो माणूस म्हणाला. "आणि हा मी नाही."

"तुम्ही नाही, तर काढू कशाला?"

"माझ्यासारखा दिसतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली. ती त्या फोटोतली नव्हती. तिनं फोटो शांतपणे बघितला आणि म्हणाली, "हेच आहेत. हा शर्ट मी परवापर्यंत फरशी पुसायला वापरत होते." मग मथळ्याकडे बोट दाखवून विचारलं, "समाधानी कोण?"

त्या गृहस्थानं मग वेबसाइट ज्या कंपनीच्या जागेत उभी होती तिच्याकडे रीतसर तक्रार ठोकली. कंपनीचं उत्तर बाईंकडे आलं. त्यात म्हटलं होतं, की फोटोतल्या प्रत्येक व्यक्तीची लेखी संमती जोडावी. व्यक्ती हयात नसल्यास वारसांची. लहान मूल असल्यास पालकांची. तोपर्यंत सर्व चित्रं थांबवण्यात येत आहेत.

काका हरले नाहीत. वर्षअखेर जवळ येत होती आणि ती रंगवलेली खोली डोळ्यांसमोर होती. गुटगुटीत बाळ त्याच सुमारास आपणहून दुकानात आलं. आता त्याला भरघोस मिश्या होत्या आणि ते काकांच्या स्टुलावर बसलं तेव्हा स्टूल कण्हलं. हा उशीवर उपडा पडलेला आणि अंगावर काही नसलेला आपला फोटो जगानं बघितला, यावर त्याला काही आक्षेप नव्हता. उलट कचेरीत सगळ्यांना दाखवून आला होता. त्यानं आनंदानं सही केली. कागद परत आला: मुलाच्या फोटोवर पालकाची सही हवी.

"पण मीच तो मुलगा आहे," मिशीवाला म्हणाला.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "मुलाची सही चालत नाही."

"आता मी मोठा झालोय!"

"फोटोत नाही झालात."

मिशीवाला स्वतः सरकारी नोकर होता. त्यानं कागद पुन्हा वाचला आणि त्याच्या तोंडावर एक आदर पसरला. "बरोबर आहे त्यांचं," तो म्हणाला. "मीही हेच लिहिलं असतं." आणि आपला फोटो काखेत मारून गेला.

वेबसाइटवर आता फोटोंच्या जागी नुसत्या करड्या चौकटी उरल्या. प्रत्येकीत लिहिलेलं: येथे चित्र येईल. बाईंनी ओशाळून ते दाखवलं. काकांनी गुण्या लावून बघितला. "काही म्हणा," ते म्हणाले, "कोपरे अगदी बरोबर आहेत."

पण भिंत रिकामी होत चालली. ज्यांनी आपला माणूस ओळखला ते घेऊन गेले, ज्यांनी ओळखला नव्हता त्यांना घेऊन गेलेल्यांनी कळवलं. फ्रेम निघाली की तिच्या मागे रंगाचा एक स्वच्छ चौकोन दिसे, भोवतालच्या भिंतीपेक्षा उजळ. सकाळी काका फडकं घेऊन उभे राहत आणि सवयीनं तो चौकोनच पुसत. माणसं आपापल्या घरी गेली याचा आनंद व्हायला हवा होता. तोच तर हेतू होता इतकी वर्षं ठेवून घेण्याचा. आनंद होतही होता. पण मुलीला सासरी पोचवून रिकाम्या घरात परतल्यावर होतो तसा.

लेकीचा फोन आला. "बाबा, वेबसाइटवरून कुणी आलं का?"

"आलं की. खूप माणसं आली."

"गिऱ्हाईकं?"

"माणसं," काका म्हणाले.

तिनं तो विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, "पडदे कुठल्या रंगाचे आवडतील तुम्हाला?"

एका सकाळी भिंतीवर काही उरलं नाही. बाई संगणक घेऊन दुकानातच येऊन बसल्या. "काका, एक फोटो द्या. एकच. ज्यावर कुणाचा आक्षेप येणार नाही असा. पहिल्या पानावर तो टाकू आणि सुटू."

काकांनी रिकाम्या भिंतीकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि मग दार ओढून घेतलं. दुकानाचं दार उघडं असलं की त्याच्यामागे हातभर भिंत झाकली जाई. तिथे एक फ्रेम होती. तिच्यावरची काच काढायची राहून गेली होती, कारण ती मोजणीत धरलीच नव्हती. तरुण माणूस, तरुण बाई. स्टुडिओत काढलेला फोटो. माणसाच्या खिशातून गुण्याचं टोक डोकावतंय आणि बाई हसू दाबायच्या प्रयत्नात आहे.

"अय्या! तुम्ही आणि काकू?" बाई उभ्याच राहिल्या. "हा इथे कसा?"

इथे कसा, हे काकांनाही नीट सांगता येईना. फोटो काकूंनीच दिला होता फ्रेमला. सगळ्यांत चांगली लाकडी पट्टी मिळेल तेव्हा करू म्हणून थांबला. मग पट्टी मिळाली, फ्रेम झाली; आज नेतो, उद्या नेतो, तोवर इथे लावतो. आणि जे रोज नेता येण्यासारखं असतं ते नेलं जात नाही.

"छानच झालं," बाई म्हणाल्या. "एक तुम्ही, एक काकू. दोनच सह्या."

एक सही तिथल्या तिथे झाली. दुसरीसाठी काका कागद घेऊन घरी गेले. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मिशीवाल्यानंतर हा कागद इतका सबंध वाचणारी ती पहिलीच व्यक्ती.

"हा फोटो कुठे होता?"

"दुकानात."

"दुकानात कुठे?"

"दाराआड," काका म्हणाले.

"भिंतीवरच्या सगळ्यांना तुम्ही नावं ठेवली होतीत म्हणे. मला त्या वेबसाइटवाल्या बाईंनी सांगितलं. आमचं काय ठेवलं होतंत?"

काकांनी खूप विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती. "याचं काही ठेवलं नव्हतं."

"का बरं?"

"ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांचीच ठेवली गं."

कागद घडी करून काकूंनी डब्याखाली ठेवला आणि पुन्हा भाजीकडे वळल्या. सही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात पट्टी कापत होते. बाई कोपऱ्यात संगणकावर करड्या चौकटींचं काय करावं या चिंतेत. दारात कुणीतरी उभं राहिलं. काकांनी वर न बघता म्हटलं, "या, बसा."

"बसायला नाही आले. माझा एक फोटो टाकला होता फ्रेमला. न्यायला आले."

काकू टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या होत्या, जिथे गिऱ्हाइकं उभी राहतात. हातात कापडी पिशवी. इतक्या वर्षांत त्या डबा घेऊन कायम आतल्या बाजूनं येत. तिकडून त्या कशा दिसतात हे काकांना माहीत नव्हतं. चांगल्या दिसत होत्या. जरा रागावलेल्या होत्या, पण फोटोतही तशाच होत्या. तिथे हसू दाबत होत्या, इथे राग.

"अगं, मी संध्याकाळी आणला असता—"

"असं सगळेच दुकानदार म्हणतात," काकू म्हणाल्या.

कोपऱ्यातून बाईंना खोकला आला.

काकांनी दार ओढलं, फ्रेम काढली. जुना गम सुटला होता, तो पुन्हा लावला. काच दोन्हीकडून पुसली. गुण्या लावला. चारही कोपरे जागच्या जागी होते. मग ती उलटी करून टेबलावर ठेवली, कागदात गुंडाळण्यासाठी.

"थांबा," काकू म्हणाल्या. "हे मागून तुम्ही केलंय?"

मागची बाजू कुणी बघत नाही. तपकिरी कागद ताणून चिकटवलेला, कडा धारदार, कोपऱ्यांवर छोट्या घड्या, दोरी बरोबर मध्यावर, गाठ अशी की सुटणार नाही आणि टोचणार नाही. काका प्रत्येक फ्रेमेला ती अशीच करत. भिंतीला लागणारी बाजू, पण भिंतीनं तरी का वाईट बघावं, असं त्यांचं म्हणणं.

"किती सुबक आहे हो," काकू म्हणाल्या आणि कागदावरून बोट फिरवलं. "पुढच्यापेक्षा मागूनच छान दिसतंय."

"पुढे तूच आहेस," काका म्हणाले आणि आपण काय बोलून बसलो हे कळून दोरी शोधू लागले.

बाई तोवर उठल्या होत्या. हातात फोन. "काकू, जरा हात बाजूला घ्या. काका, हलू नका. हे! यात चेहराच नाही. कुणाचा वारस लागणार? कुणाचे पालक लागणार?"

तो फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावर लागला. अजून आहे. एका फ्रेमेची मागची बाजू, समोरून, काटकोनात. मथळाही बाईंनी काढून टाकला. चष्मेवाल्यानं बघून मान हलवली. "गिऱ्हाइकाला पाठ दाखवणारं हे पहिलंच दुकान." कंपनीनं मात्र एक शब्द न काढता मान्य केला.

वर्षअखेरीस लेकीनं विचारायच्या आत काकांनीच फोन केला. मुख्याध्यापकांची सून नवऱ्याचे सगळे जुने फोटो घेऊन आली होती. आता घरातल्या कुठल्याच फोटोच्या बाबतीत त्याच्यावर भरवसा ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. दोघा भावांनी आईच्या फोटोची प्रत करून मागितली. कुणाला प्रत द्यायची यावर भांडण चालू होतं, पण ते समोरासमोर चालू होतं. काळ्या चष्म्यावाल्याच्या बायकोनं आपल्या लग्नाचा मोठ्यातला मोठा फोटो टाकला होता आणि तो न्यायला नवऱ्यालाच पाठवणार होती.

"तेव्हा यंदा जमत नाही यायला," काका म्हणाले. "खोलीत पाहुण्यांना राहू दे."

"आणि बाबा, ते मागचं काय लावलंय वेबसाइटवर? पुढचा फोटो कुणाचा आहे?"

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान हलवली, नाही अशी.

"त्याला परवानगी नाही मिळाली," काका म्हणाले. "घरी येशील तेव्हा बघ."

कारण काकू न्यायला आल्या त्याच दिवशी फोटो घरी गेला होता. काकूंनी फ्रेम पिशवीतून काढली आणि पिशवीच्याच खिळ्यावर स्वतः लावली. जुना खिळा पिशवीच्या ओझ्यानं वाकला होता, त्यामुळे ती जराशी डावीकडे कलली. काकांचा हात खिशाकडे गेला.

"राहू द्या," काकू म्हणाल्या.

"अगं, पण एवढंसं—"

"मी नेलाय ना? मग माझ्या भिंतीवर कसा लावायचा ते मी बघीन."

काका समोर बसले. चहा झाला, पेपर झाला. सगळ्या जगाच्या भिंती सरळ करणारा माणूस आपल्या घरातल्या कललेल्या फ्रेमेसमोर हातावर हात ठेवून बसला होता. थोड्या वेळानं त्यानं आपलीच मान डावीकडे कलवून बघितली. मग सगळं बरोबर दिसलं.

एकच प्रश्न उरला, पिशवी कुठे अडकवायची. तिच्यासाठी घरात दुसरा खिळा नव्हता. हल्ली ती दुकानात असते, मोठ्या रिकाम्या भिंतीवर, मधोमध, एकटीच. नवीन आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, ही पिशवी कुणाची राहिलीय?

"आहे एकीची," काका पट्टीवरून नजर न काढता सांगतात. "संध्याकाळी न्यायला येते."